कुंड, विसण आणि ओसरी

(गरम पाण्याच्या स्नानगृहांची रचना या विषयावर मुलुंड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला गेला. मुलुंड-घाटकोपरच्या, अंधेरी-बोरिवलीच्या माणसाला गरम पाण्याच्या स्नानगृहांशी काय देणंघेणं? आमच्याकडे गीझर आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात आपल्याच नळापासून करू.

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आपल्या वस्त्यांच्या कडेनं ज्या जाडजूड जलवाहिन्या जातात, त्यांना आपण तानसा पाइपलाइन म्हणतो. तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. त्या धरणाखाली नदी पुढे वाहत भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी, अकलोली या गावांपाशी येते आणि तिथे तिच्या काठाला जमिनीतून गरम पाणी वर येतं. थोडं पुढे गणेशपुरी, तिथेही तेच. म्हणजे ज्या नदीचं थंड पाणी गेली सव्वाशेहून अधिक वर्षं आपल्या उपनगरांत येतं, तिच्याच काठाला गरम कुंडं आहेत. आणि आपण त्यांच्याकडे कसं बघतो? रविवारी गाडी काढायची, देवीचं दर्शन, कुंडात पाय बुडवायचे, फोटो, परत. त्या कुंडांच्या भोवती काय बांधलंय, कसं बांधलंय, याबद्दल मराठीत टीका अशी जवळपास होतच नाही. नाटकावर होते, सिनेमावर होते. इमारतीवर होत नाही, आणि न्हाणीवर तर नाहीच नाही. आज ती करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आधी थोडी माहिती. कोकणातल्या गरम झऱ्यांची एक लांबलचक रांग आहे. उत्तरेला पालघरकडच्या कोकनेर, सातिवलीपासून ती सुरू होते. वज्रेश्वरी-गणेशपुरी, रायगडात पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, रत्नागिरीत दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरातली आरवली, तुरळ, राजवाडी अशी ती थेट राजापूरच्या उन्हाळे गावापर्यंत जाते. तीनशे किलोमीटरहून लांब पट्टा. इथे जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी काळ्या कातळातल्या भेगांमधून खूप खोल उतरतं. जमिनीत खोल जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेनं वर येतं. येताना क्षार आणतं, कुठे गंधकाचा वास आणतं. वज्रेश्वरीची लोककथा सांगते, की देवीनं मारलेल्या दैत्यांचं ते रक्त आहे. भूगर्भशास्त्र आणि लोककथा यांत एक गोष्ट सारखी आहे. दोघांच्याही मते हे पाणी खोलवरून आणि जोरानं आलेलं आहे, ते साधं पाणी नाही.

आता गावांची नावं पुन्हा ऐका. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. खानदेशात चोपड्याकडे उनपदेव. सगळीकडे ‘ऊन’ आहे. मराठीत ऊन म्हणजे आकाशातलं ऊन आणि ऊन म्हणजे गरमही. ऊन पाणी, ऊन ऊन भात. आपल्या भाषेत पाण्याच्या तापमानाला किती शब्द आहेत बघा: गार, थंडगार, कोमट, ऊन, कढत, उकळतं. आणि सगळ्यांत सुंदर शब्द, जो आता गीझरमुळे घरातून चाललाय, तो म्हणजे ‘विसण’. कढत पाण्यात अंगाला सोसेल इतपत मिसळायचं गार पाणी. आजी विचारायची, ‘विसण घातलंस का रे?’ आमचं आजचं सगळं म्हणणं खरं तर या एका शब्दाभोवती आहे. गरम पाण्याचं स्नानगृह बांधणं म्हणजे विसण कसं घालायचं हे ठरवणं. पाण्यात घालायचं विसण, हवेत घालायचं, उजेडात घालायचं, आवाजातही घालायचं.

हे सांगताना जगात सगळे ज्या इमारतीचं नाव घेतात, तिच्याकडे वळू. स्वित्झर्लंडमधल्या ग्राउब्युंडेन प्रांतात वाल्स नावाचं डोंगरातलं गाव आहे, हजारभर वस्तीचं. तिथे पीटर झुमथोर या वास्तुरचनाकाराचं गरम पाण्याचं स्नानगृह १९९६ साली उघडलं. दोनच वर्षांत, १९९८ साली, त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. अर्धी इमारत डोंगराच्या उतारात खुपसलेली, वर गवताचं छप्पर. भिंती तिथल्याच खाणीतल्या क्वार्टझाइटच्या लांबट पातळ चिपांच्या, सुमारे ६०,००० चिपा, एकावर एक रचलेल्या. छताच्या लाद्यांमध्ये बारीक फटी सोडल्या आहेत, त्यांतून उजेडाची रेघ दगडावर उतरते.

पण इमारतीचं मर्म दगडात नाही, क्रमात आहे. बाहेरून आलात की आधी अंधारा बोळ. मग लाल चकचकीत लाकडाच्या कपडे बदलायच्या खोल्या, कातडी पडदे. मग लांब उतार, आणि खाली पाणी. मधलं मोठं कुंड ३२ अंशांचं. एका बाजूला ४२ अंशांचं, तांबूस भिंतींचं लहान कुंड. जवळच १४ अंशांचं थंड कुंड. एका दालनात पाण्यावर पाकळ्या तरंगतात. एका दालनात दगडांतून काढलेलं संगीत. एका दालनात झऱ्याचं पाणी पितळी पेल्यानं प्यायचं. आणि बाहेर उघड्यावर एक कुंड, जिथे हिवाळ्यात अंग गरम पाण्यात आणि केसांवर बर्फ. डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा, प्रत्येकाला एकेक ठिकाण दिलेलं.

याच वर्षी, १९९६ मध्ये, युहानी पल्लास्मा या फिनलंडच्या वास्तुरचनाकाराचं ‘द आइज ऑफ द स्किन’ हे छोटंसं पुस्तक आलं. आधुनिक वास्तुकला डोळ्यांच्या आहारी गेली आणि बाकीची इंद्रियं उपाशी राहिली, अशी त्याची तक्रार. तेव्हापासून वास्तुकलेच्या वर्गांत पल्लास्मा आणि झुमथोर ही जोडगोळीच झाली. आमचा आक्षेप इथे सुरू होतो. इंद्रियांचा म्हणून जो धडा आपण घेतला, तो घेतला कशातून? फोटोंतून! वाल्सची आपल्या ओळखीची बहुतेक छायाचित्रं निर्मनुष्य आहेत. राखाडी दगड, हिरवट पाणी, उजेडाची रेघ. त्यातून विद्यार्थ्यानं काय उचललं? राखाडी दगड आणि उजेडाची रेघ. मग रिसॉर्टच्या स्पामध्ये राखाडी लादी, फटीतून एलईडी पट्टी, आणि बाहेर पाटी: ‘सेन्सरी एक्स्पिरियन्स’. डोळ्यांच्या जुलमाविरुद्ध उभी राहिलेली इमारत पुन्हा डोळ्यांनीच गिळली.

फोटोत जे येत नाही ते तापमान. १९७९ साली लिसा हेशाँग यांनी ‘थर्मल डिलाइट इन आर्किटेक्चर’ हे पुस्तक लिहिलं. त्याची चारच प्रकरणं: गरज, आनंद, जिव्हाळा, पावित्र्य. त्यांचं म्हणणं साधं आहे. इमारतीत सगळीकडे एकसारखं तापमान ठेवणं म्हणजे सोय नव्हे, ती एक प्रकारची बेचव आहे. सगळी पक्वान्नं वाटून एकच लापशी केली तर पोषण मिळेल, जेवण होणार नाही. सुख असतं ते फरकात.

शरीराचं शास्त्रही हेच सांगतं. आपली त्वचा काही थर्मामीटर नाही, तिला बदल कळतो. शाळेतला प्रयोग आठवा: एक हात गरम पाण्यात, एक थंड पाण्यात, मग दोन्ही कोमट पाण्यात. एक हात म्हणतो गार, दुसरा म्हणतो ऊन. पाणी तेच. म्हणून कुंड किती अंशांचं आहे याइतकंच महत्त्वाचं आहे, की त्यात उतरण्याआधी तुम्ही कुठे होता आणि निघून कुठे जाणार आहात. त्यात पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट उष्णता वाहून नेतं. हवेत ४२ अंश म्हणजे विदर्भातली मे महिन्यातली दुपार, माणूस वावरतो. पाण्यात ४२ अंश म्हणजे थोड्या मिनिटांचं काम, आणि त्याच्या थोडं वर गेलं की वेदना सुरू. रोमन लोकांची स्नानगृहं थंड, कोमट, कढत अशा दालनांच्या क्रमानं बांधलेली असत. तुर्की आणि मुघल हमामांतही तोच क्रम. पायरीपायरीनं शरीराला नेणं ही त्या सगळ्यांची मूळ कल्पना.

आता दुसरा आक्षेप, आणि हा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाल्सची इमारत आल्प्सच्या थंडीसाठी आहे. बाहेर बर्फ, म्हणून आत गुहा हवी. आणि तिथला झरा जेमतेम ३० अंशांचा. ४२ अंशांचं कुंड करायचं तर ते पाणी तापवावं लागतं. आपली गोष्ट नेमकी उलटी. आपल्याकडे पाणी जमिनीतूनच सोसवणार नाही इतकं ऊन येतं. आपल्याला इंधन नको, विसण हवं. आणि बाहेर बर्फ नाही, कोकणातली दमट हवा आहे.

दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून उकडतं. अशा हवेत गरम पाण्यातून निघालेल्या माणसाला सगळ्यांत मोठं सुख कशाचं? वाऱ्याच्या झुळकीचं. ओल्या अंगावरचं पाणी झुळकीनं उडतं आणि त्याबरोबर अंगातली उष्णता जाते. कुंडातून निघून काठावर बसलं की दोन-चार मिनिटांत अंग हलकं वाटायला लागतं ते यामुळे. म्हणजे वाल्समध्ये इमारतीचा आत्मा पाण्यात असेल, आपल्याकडे तो पाण्याशेजारच्या ओसरीत आहे. वरून सावली, दोन बाजूंनी उघडी, नदीवरचा वारा येईल अशी वळवलेली, बसायला दगडी कट्टा. ती ओसरी नसेल तर कुंड म्हणजे फक्त उकडणं. कोकणातल्या गरम कुंडाचा आराखडा हातात आला, की आम्ही पाण्याआधी ही ओसरी शोधतो. ती क्वचित सापडते. तिच्या जागी बहुधा नारळाचं दुकान किंवा पार्किंग असतं.

तसाच पाऊस. आपल्याकडे चार महिने पाऊस आहे आणि तो विसणच आहे, फुकटचं. गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसायचं आणि डोक्यावर पावसाच्या गार सरी. वाल्सच्या बर्फाचं इतकं कौतुक होतं, मग आपल्या आषाढाचं का नाही? पण नूतनीकरणाचा पहिला हप्ता आला की आधी काय होतं? सबंध कुंडावर पत्रा पडतो.

इथे त्या नूतनीकरणांबद्दल बोललं पाहिजे. एका ठिकाणाचं नाव घेऊन बोट दाखवायचं नाही, कारण हा एका गावाचा दोष नाही, तो एक साचाच झालाय. घाटांवर दिसतो, तलावांवर दिसतो, कुंडांवर दिसतो. चकचकीत लादी, स्टीलचा कठडा, पत्र्याचं किंवा पॉलिकार्बोनेटचं छप्पर, चार दिवे, एक उद्घाटनाची कोनशिला. हेतू वाईट नसतो. जागा स्वच्छ दिसावी, घसरून कुणी पडू नये, ऊन-पाऊस लागू नये. पण एकेक इंद्रिय घेऊन तपासलं तर काय दिसतं ते बघू.

आधी पाऊल. न्हाणाऱ्या माणसाच्या अंगावर चप्पल नाही, चष्मा नाही. तो इमारत पावलांनी वाचतो. जुन्या दगडी पायरीला टाकीचे घाव असतात, पाट्या-वरवंट्याला टाकी लावतात तसे. ओलं पाऊल तिथे धरतं. चकचकीत लादीवर पाणी, त्यात क्षाराचा थर, त्यात साबण. घसरू नये म्हणून जे केलं त्यावरच माणूस घसरतो, आणि मग त्याच्यासाठी कठडा लावतात.

मग हात. स्टीलचा कठडा मे महिन्यात दुपारी बाराला धरून बघा. तळवा भाजतो. रत्नागिरीच्या जांभ्याची किंवा इथल्या काळ्या दगडाची सावलीतली कमरेइतकी भिंत हाताला तितकी तापलेली लागत नाही. टेकता येतं, त्यावर कपडे ठेवता येतात, म्हातारं माणूस क्षणभर बसू शकतं. कठड्यावर यातलं काहीच होत नाही.

कान. चारही बाजूंनी लादी आणि वर पत्रा असला की प्रत्येक आवाज आपटून परत येतो. पाच पोरं ओरडली तर पन्नास ओरडल्यासारखी वाटतात. पत्र्यावर पाऊस पडला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वाल्समध्ये शांतता अपेक्षित असते. ती आपल्यावर लादावी असं आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडे कुंडावर गप्पा होतात, नामस्मरण होतं, गुडघेदुखीच्या औषधांची देवाणघेवाण होते. ते व्हायलाच हवं. पण त्यासाठीच आवाज विरायला जागा लागते. कौलारू छप्पर, खडबडीत भिंत, मोकळं आकाश, थोडी झाडी. आणि मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून वाफही निघून जाते, पत्र्याखाली ती कोंडते.

नाक. गंधकाचा वास हा या पाण्याचा दाखला आहे. गावात शिरताना तो आधी हलका यावा, कुंडाशी गडद व्हावा. आपण त्यावर फिनेल ओततो. आणि डोळे? डोळ्यांसाठीच हे सगळं केलं, तर रात्री पांढऱ्याफटक दिव्यात पाणी दिसतं ते हॉस्पिटलसारखं. वाफेला मंद, तिरपा उजेड लागतो. सकाळचं कोवळं ऊन वाफेवर पडतं त्याहून चांगली प्रकाशयोजना कुणी करू शकत नाही. फक्त पूर्वेची भिंत तेवढी उंच बांधू नये.

कुणी म्हणेल, हे सगळे नाजूक माणसांचे चोचले आहेत. लोकांना कुंडाचं पाणी मिळालं म्हणजे झालं. आम्हाला हे मान्य नाही. कारण कुंडावर येतो कोण हे बघा. गुडघे धरून एसटीतून उतरलेली सत्तरीची बाई. त्वचेच्या दुखण्यानं हैराण झालेला माणूस. त्यांची इंद्रियं थकलेली आहेत, म्हणून इमारतीनं जास्त नीट बोललं पाहिजे. पायरीची उंची दोन इंच जास्त झाली तर त्या बाईचं स्नान हुकतं. स्पर्शाचा, तोलाचा विचार हा तिच्यासाठी चैनीचा विषय नाही.

आता आपलं स्वतःचं भांडवल काय आहे ते पाहू. आपण इंद्रियांचं स्नान स्वित्झर्लंडकडून शिकायला निघालो, पण दिवाळीची पहाट आठवा. काळोख, थंडी, बंबाचा धूर, तेलाचा हात, उटण्याचा खरखरीतपणा आणि वास, पाटाचा गार स्पर्श, घंगाळातलं कढत पाणी, त्यात विसण, पायाखाली फुटणारं कारीट, बाहेर पणती. एवढं सगळं दोन हात लांबीच्या न्हाणीत. कोकणातल्या जुन्या घरातली न्हाणी परसाकडे, चुलीशेजारी. पाण्याचा निचरा अळूला, केळीला. तिथे उष्णतेचा क्रम होता: उबदार चूल, कढत पाणी, मग परसातला वारा.

आणि आज उपनगरात? राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीघराचं किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर धरलेलं आहे. पुनर्विकासाच्या इमारतीत आपण त्या किमान आकड्याच्या आसपासच असतो, डक्टकडे उघडणारी एक झडपेची खिडकी, चारही भिंती लादीच्या. विसण मिक्सरच्या दांड्यात गेलं. लोकल पकडायची असते, स्नान सात मिनिटांत होतं. यात कुणाची चूक नाही. पण म्हणूनच सार्वजनिक कुंडाची किंमत वाढते. जे घरात आता मावत नाही, ते गावकुसाला तानसेच्या काठी अजून शिल्लक आहे.

सार्वजनिक म्हटलं, तर मग कोण ‘सार्वजनिक’ हा प्रश्न टाळता येणार नाही. स्पर्शाची वास्तुकला हे शब्द युरोपात निरागसपणे वापरता येत असतील, आपल्याकडे येत नाहीत. आपल्याकडे स्पर्शाला आणि पाण्याला जातीचा इतिहास आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह जाऊन ते पाणी ओंजळीनं प्यावं लागलं, आणि त्यानंतर तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. कोर्टाचा अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडलं. गरम झऱ्यांच्या ज्या पट्ट्याबद्दल आपण बोलतोय, त्याच पट्ट्यातलं हे गाव. तेव्हा कुंडात उतरणं ही आपल्याकडे फक्त इंद्रियांची गोष्ट कधीच नव्हती. अनोळखी माणसांनी एकाच पाण्यात उतरणं ही मोठी सामाजिक कमाई आहे, आणि कुंडाच्या रचनेनं ती जपली पाहिजे. म्हणून जेव्हा ‘व्हीआयपी’ कुंड, पैसे देऊन वेगळी खोली, अशा सूचना येतात, तेव्हा आम्हाला भीती वाटते. वेगळं कुंड हवं ते तापमानानुसार. ऐपतीनुसार नको.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी उघडा आहे. पुष्कळ ठिकाणी बायकांचं कुंड म्हणजे लहान, बंदिस्त, छताखालचं, अंधारं. पुरुषांना आकाश, नदी, वारा. बायकांना वाफ. आडोसा हवा हे खरं, पण आडोसा भिंतीनं करता येतो, छपरानं करायची गरज नसते. डोक्याहून उंच दगडी भिंत, वर मोकळं आकाश, नदीच्या बाजूला तिरप्या फटींची जाळी, म्हणजे आतून पाणी दिसेल, बाहेरून आत दिसणार नाही. आणि कपडे बदलायला पुरेशी, कोरडी, कडी लागणारी, खुंट्या असलेली खोली. ओल्या साडीत वाऱ्यात उभं राहावं लागणं हे काही विसण नव्हे, ती थंडी आहे आणि लाजही. आमच्या मते कुंडाच्या कोणत्याही आराखड्याची पहिली परीक्षा ही: बायकांच्या बाजूला आकाश आहे का?

आता व्यवहाराचं बोलू, कारण ‘करायचं काय’ हे सांगितल्याशिवाय टीका पुरी होत नाही.

पहिलं, पाणी उतरत्या कुंडांच्या माळेतून न्यावं. झऱ्याशी लहान, खोल, झाकलेलं कुंड. तिथे कुणी उतरायचं नाही, फक्त बघायचं, वाफ घ्यायची. त्याचं ओसंडलेलं पाणी उथळ दगडी पन्हळीतून दुसऱ्या कुंडात, तिथून जास्त पसरट तिसऱ्यात, शेवटी नदीत. पाणी पसरतं, हवेला लागतं, निवतं. हे विसण गुरुत्वाकर्षणानं पडतं, वीज लागत नाही. तीन कुंडं, तीन तापमानं, आणि माणूस आपल्या सोसण्याप्रमाणे वर-खाली जातो. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, गरोदर बायका आहेत, त्यांना खालचं कोमट कुंड मिळतं. शिवाय पाणी वाहतं राहतं. कोमट साचलेलं पाणी जंतूंना फार मानवतं, म्हणून वाहतं ठेवणं हीच अर्धी स्वच्छता.

दुसरं, कुंडाआधी धुण्याची जागा. जपानी लोक गरम कुंडात उतरण्याआधी बाजूला बसून साबणानं स्वच्छ आंघोळ करतात, मग नुसतं अंग बुडवायला पाण्यात शिरतात. आपल्याकडे नदीत उतरण्याआधी पाय धुण्याची रीत आहेच. दारातच वाहत्या कोमट पाण्याची पन्हळ आणि बसायला कट्टे दिले, तर ‘साबण लावू नये’ ही पाटी लोक पाळतील. पाटीपेक्षा कट्टा जास्त काम करतो.

तिसरं, ओसरी. वाऱ्याची दिशा पाहून, सर्वांत चांगली जागा तिला द्यावी.

चौथं, स्थानिक दगड आणि स्थानिक हात. टाकी लावणारा माणूस अजून आहे. लादी बसवणाऱ्याला जेवढे दिले जातात तेवढे पैसे त्याला द्यावेत.

खर्चाचा मुद्दा येणारच. वाल्सची इमारत कुणा अब्जाधीशानं बांधली असा समज असतो. तसं नाही. दिवाळखोरीत निघालेलं तिथलं हॉटेल १९८३ साली गावानं विकत घेतलं आणि गावानंच हे स्नानगृह बांधून घेतलं. म्हणजे मुळात ते ग्रामपंचायतीचं काम होतं. पुढे २०१२ मध्ये ते खासगी हातात गेलं, आणि आता ते बहुतांशी महागड्या हॉटेलच्या पाहुण्यांचं ठिकाण आहे. आमच्या दृष्टीनं वाल्सकडून शिकण्याचे हेच दोन धडे. गावानं मनावर घेतलं तर जगानं यावं अशी इमारत होऊ शकते. आणि गावाच्या हातून ती गेली की इंद्रियांचं सुख विकत घ्यावं लागतं.

वज्रेश्वरीच्या देवळाची हकिगत या जागी आठवते. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेच्या वेळी देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई जिंकल्यावर देऊळ बांधून घेतलं. देवळाला किल्ल्यासारखा डौल आहे, पायऱ्या आहेत, नगारखाना आहे. देवीच्या दारी जायचा क्रम कुणीतरी नीट विचार करून रचला: चढ, दम लागणं, दरवाजा, सावली, गाभारा. कुंडांच्या वाट्याला तसा विचार आला नाही. हेशाँगबाईंच्या चार प्रकरणांतलं पावित्र्य आपल्या कुंडांना आधीच मिळालेलं आहे, देवांच्या नावांसकट. गरज तर आहेच. आनंद आणि जिव्हाळा या दोन गोष्टी बांधकामातून यायच्या आहेत. त्या देवावर सोडून चालणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बोरिवलीहून घोडबंदरमार्गे किंवा मुलुंडहून भिवंडीमार्गे तिकडे जाल, तेव्हा एक करा. फोन पिशवीत ठेवा. चप्पल काढल्यापासून परत घालेपर्यंत पावलाखाली काय काय लागलं, हात कुठे टेकला, वारा कुठे लागला, कुठे नाही, हे लक्षात ठेवा. घरातल्या बायकांना त्यांच्या बाजूला काय होतं ते विचारा. आणि घरी आल्यावर ते ग्रामपंचायतीला, पर्यटन खात्याला एका कागदावर लिहून पाठवा. आपल्याकडे नूतनीकरणाचा निधी येतो तेव्हा आराखडा आधी ठरलेला असतो. वापरणाऱ्यांनी लिहिलेला कागद त्याआधी पोचला, तर पुढच्या कुंडावर पत्र्याऐवजी निदान ओसरी तरी बांधली जाईल.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.